एका चाळीचे सहा धनी

तुळसाबाईच्या कांदाचाळीचे फोटो मी सहा वेळा काढले आणि सहाही वेळा तिनं मला चहा पाजला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कितीही साळसूदपणाचा आव आणला तरी तुम्ही फसणार नाही.

मी धीरज. किन्हीराजाच्या अलीकडच्या फाट्यावर माझं ऑनलाईन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, अनुदानाचे अर्ज, झेरॉक्स, आणि कुणाला फ्लेक्स लागला तर वाशीमहून छापून आणून देतो. आमच्या गावातला माणूस सरकारशी बोलतो तो माझ्या तोंडानं, आणि सरकार त्याला जे उत्तर देतं ते माझ्या स्क्रीनवर येतं. मधल्या या खुर्चीत बसलं की माणूस माजतो. मीही माजलो. लोक मला 'साहेब' म्हणायचे आणि मी त्यांना वर न बघता उत्तरं द्यायचो.

तुळसाबाई म्हणजे पुंजाजीची बायको. नाल्याकाठी त्यांचं थोडंसं बागायती वावर. कांदा, वांगी, मेथी, थोडी हळद. पुंजाजी दरवर्षी कांदा ताडपत्रीखाली ढीग करून ठेवायचा आणि दिवाळीपर्यंत त्यातला अर्धा सडायचा. चाळ बांधू, चाळ बांधू, असं म्हणता म्हणता तो एका सकाळी मोटर चालू करायला गेला आणि तिथंच बसल्या बसल्या गेला. त्यानंतर चाळ तुळसाबाईच्या डोक्यात शिरली ती निघाली नाही. तिनं माझ्याकडून अर्ज भरला आणि दुसऱ्या वर्षी सोडतीत तिचं नाव लागलं.

आता नियम असा, की नाव लागल्यावर पूर्वसंमतीचं पत्र यावं लागतं. पत्र आल्यावरच पाया खणायचा. आधी बांधली तर अनुदान नाही. हे मला झोपेतही पाठ होतं. पण ती विचारायला आली त्या दिवशी सेंटरवर पीकविम्याची रांग होती, डोकं तापलेलं होतं.

"नाव लागलं न बाबू? मंग बांधू आता?"

"हाव, बांधा," मी म्हणालो. वर बघितलंसुद्धा नाही.

तिनं हळद विकून चाळ बांधली. पायाचे दगड नाल्यातून स्वतःच्या डोक्यावर आणले. बांबूची भिंत, लोखंडी सांगाडा, वर आणि बाजूला निळे पत्रे. सांगाड्याचं काम उस्मान मिस्त्रीनं केलं. वेल्डिंगचा माणूस, बोलतो कमी, पण त्यानं ठोकलेला खिळा वाकडा सापडायचा नाही. काम संपलं तेव्हा त्याच्या डब्यात थोडा हिरवा ऑइलपेंट उरला होता. दारावरच्या पत्र्यावर पुंजाजीचं नाव लिहू का, असं त्यानं विचारलं.

"त्याचं नाव कायले?" तुळसाबाई म्हणाली. "दगडं म्या वाह्यले."

आणि तिनं आपला उजवा हात त्या रंगात बुडवून पत्र्यावर दाबला. तिचं पहिलं बोट अर्धंच आहे, कडबा कापायच्या मशीननं नेलेलं. त्यामुळं त्या पत्र्यावर उमटला तो साडेचार बोटांचा पंजा. असा पंजा आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाचा नाही.

महिन्यानं पोर्टलवर तिचा अर्ज बाद झाला. पूर्वसंमतीआधी बांधकाम. मी तिला सांगितलं, "अर्ज अडकला मावशी, पुढच्या सोडतीत पाहू." माझ्या एका 'हाव'मुळं अडकला, हे सांगितलं नाही. ती म्हणाली, "पाहू. चाळ तं हाय न." आणि मला घरची वांगी देऊन गेली.

मग आला गुलाबसिंग. माजी सरपंच, पांढरी बुलेट, बोलायला मधाचं पोळं. त्याचंही नाव सोडतीत लागलं होतं आणि पूर्वसंमतीही आली होती. फक्त चाळ नव्हती. गुलाबसिंगनं जन्मात कांदा लावलेला नाही, ताटात तेवढा घेतो.

"चाळीसमोर उभं राहून फोटो पायजे म्हनते," तो म्हणाला. "कुठून आनू?"

तुळसाबाईची चाळ मी सुचवली. पुढं सगळं खापर गुलाबसिंगवर फुटेल, म्हणून हे इथं नोंदवून ठेवतो.

आमच्याकडं मागितलेल्या वस्तूला नाही म्हणत नाहीत. कुणाच्या घरी लग्न निघालं की गंज-पातेली, सतरंज्या, बाजा-खाटा, सगळं गावातूनच गोळा होतं. जो नाही म्हणेल त्याचं नाव पिढ्यान्पिढ्या काढतात. गुलाबसिंगनं चाळ अगदी तशीच मागितली.

"मावशे, तुही चाळ दे न जराशीक."

तुळसाबाई हसली. "डोक्यावर घेऊन जातं काय बापा?"

"फोटो काढून वापस देतो."

तिनं चाळीपुढचं अंगण झाडून दिलं. मी गुलाबसिंगच्या नावाचा फलक टांगला, योजनेचं नाव, लाभार्थी, गाव, वर्ष. फलक बरोबर त्या हिरव्या पंजावर येईल असा टांगला. फोटो झाला, चहा झाला. जाताना ती मला म्हणाली, "माह्या चाळीचा फोटो आता मुंबईले जाईन काय रे?" मी हो म्हणालो. तिला खरंच आनंद झाला होता.

त्यानंतर गुलाबसिंगचा भाऊ फुलसिंग आला. मग रामसिंग, मग राजपाल, मग लिलाबाई, सगळी गुलाबसिंगनंच पाठवलेली. फलक बदलायचा, समोरचं माणूस बदलायचं, चाळ तीच. सहावं नाव माझ्या बायकोचं, रुचिकाचं. सासऱ्यांनी थोडं वावर तिच्या नावावर केलं होतं. रुचिका नवी साडी नेसून आली होती. पहिल्यांदाच आपल्या वावरात आली म्हणून तुळसाबाईनं शेजारणीकरवी तिला कुंकू लावलं, ओटीत कांदे घातले. रुचिकानं घरी येऊन त्याच कांद्याची भजी केली. मी चार खाल्ली.

दोन वर्षं सगळं गुण्यागोविंदानं चाललं. यंदाच्या मे महिन्यात पत्र आलं. पोर्टलवर नवीन तपासणी बसवली होती आणि तिला नकाशाच्या एकाच ठिपक्यावर सहा चाळी दिसल्या होत्या. दहा दिवसांत साहेब प्रत्यक्ष पाहणीला येणार. चाळ नसेल तर वसुली आणि वर गुन्हा.

भर दुपारी गुलाबसिंगनं माझ्या सेंटरचं शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टूल घेऊन बसला. मला घाम फुटला होता. त्याला नव्हता.

"परवा वादळ आलं होतं न?" त्यानं विचारलं.

आलं होतं. गावातल्या चार घरांचे पत्रे उडाले होते, शाळेजवळचा लिंब आडवा झाला होता.

"मंग आपल्याबी चाळी उडाल्या," तो म्हणाला.

"अन् ठिपका एकच कसा?"

"तुह्या मोबाईलनं चुकीचं लोकेशन घेतलं. मशीनची चूक. त्याले कोन फाशी देते?"

"पण उडालेल्या चाळीचं सामान तर दिसायला पाहिजे. सहा वावरांत सहा ढीग. भंगारातले पत्रे गंजलेले असतात. फोटोत निळे आहेत."

"निळे कोनापाशी हायेत?"

निळे कुणापाशी आहेत ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आणि मग पुन्हा माझंच तोंड उघडलं. मी म्हणालो, तुळसाबाईचं नाव यंदाच्या सोडतीत परत लागलंय. पण पूर्वसंमतीसाठी जागा रिकामी असल्याचा फोटो लागतो. चाळ उभी असली तर तिला काही मिळत नाही.

गुलाबसिंगनं माझ्याकडं असं पाहिलं की मला लहानपणी मास्तरांनी शाबासकी दिली होती त्याची आठवण झाली.

गेलो आम्ही दोघं. चाळ कांद्यानं गच्च भरलेली होती. बांबूंच्या फटींतून लाल कांदे दिसत होते, एकही ओला नाही, एकही कोंबलेला नाही. गुलाबसिंगनं तिला समजावून सांगितलं. चाळ उकल, जागा मोकळी कर, फोटो काढू, पूर्वसंमती येईल, आणि मग सरकारच्या पैशातून याहून मोठी चाळ उभी राहील. तोवर सामान माझ्या वाड्यात जपून ठेवतो, कारण फोटोत सामान दिसलं तरी अर्ज बाद होतो. प्रत्येक वाक्य नियमाला धरून होतं. म्हणूनच ते इतकं हलकट होतं.

तुळसाबाई सगळं ऐकून घेत होती. मग तिनं गुलाबसिंगला सोडून माझ्याकडं पाहिलं.

"तू सांग बाबू. तू शिकेल हायेस. पुन्हा उभी राहीन न?"

ज्या ठिपक्यावर सहा अनुदानं उचललेली आहेत तिथं सातवं मिळणार नाही, हे त्या क्षणी जगात दोनच जणांना माहीत होतं. एक ती नवी तपासणी आणि दुसरा मी. गुलाबसिंगलाही ते कळलं नव्हतं. मी एक शब्द बोललो असतो तर चाळ वाचली असती, आणि आम्ही सहा जण अडकलो असतो.

"राहील न मावशी," मी म्हणालो. "मी आहे ना."

दोन दिवस ती एकटी कांदा बाहेर काढत होती. टोपल्या भरून नाल्याच्या बांधावर ढीग केला आणि वर पुंजाजीच्या वेळची ताडपत्री ओढली. तिसऱ्या दिवशी उस्मान मिस्त्रीला नटबोल्ट खोलायला बोलावलं. तो आधी माझ्याकडं आला.

"धीरजभाई, बुढ्ढीचं काम होईन न पक्कं?"

"होईल."

"तुमी म्हनता तं खोलतो." तो पायरी उतरला आणि वळला. "म्या बांधलेली चाळ म्याच खोलाची, हे पयलीच बार हाय."

गुलाबसिंगची ट्रॉली लागली. तुळसाबाई एकेक पत्रा पदरानं पुसून वर द्यायची. "आपटू नका बापा, पोचा पडते," असं ट्रॉलीतल्या पोरांना सांगायची. मी सावलीला उभं राहून मोबाईल बघत होतो, मोबाईलमध्ये काही नसताना.

संध्याकाळी त्या पत्र्यांवरून गुलाबसिंगनं स्वतः ट्रॅक्टर फिरवला. वादळानं उडालेला पत्रा सरळ कसा राहील? बांबू मोडले, लोखंड वाकवलं, आणि एका चाळीचे सहा ढीग करून सहा वावरांत नेऊन टाकले. मी फलक नव्यानं छापून आणले होते. ते जुने दिसावेत म्हणून रस्त्याच्या धुळीत घासले. रुचिकाच्या वाट्याला पंजावाला पत्रा आला. तो मी ट्रॅक्टरखाली जाऊ दिला नाही, ढिगात तळाशी पालथा ठेवला. माझ्यात थोडीफार माणुसकी उरली होती असं तुम्हाला वाटत असेल तर सांगतो, सेंटरपुढं उन्हाळ्यात फार ऊन येतं आणि मला एक धड पत्रा हवा होता.

साहेब आले. गुलाबसिंगच्या घरी रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. वांगी तुळसाबाईच्या वावरातली. जेवण जड झाल्यावर पाहणी हलकी झाली. पंचनाम्याला लाभार्थ्यांशी संबंध नसलेला पंच हवा, असं साहेब म्हणाले. गुलाबसिंगनं लगेच नाव सांगितलं. जिच्या नावावर एकही चाळ नाही, अशी गावातली साधी बाई.

तुळसाबाईला जीपमध्ये पुढं बसवलं. आपल्याच फायलीचं काम आहे असं तिला सांगितलेलं. धुतलेलं लुगडं नेसून ती आली होती. प्रत्येक ढिगाशी जीप थांबायची, साहेब फोटो काढायचे, ती अंगठा द्यायची. कागदावर लिहिलेलं होतं, 'वादळात चाळ पूर्णपणे नष्ट झाल्याचे मी समक्ष पाहिले.' असा सहा वेळा तिनं अंगठा दिला. शेवटच्या ढिगाशी ती जरा वाकली.

"हे पत्रे माह्या पत्र्यावानी दिसून राह्यले."

साहेब हसले. "आजी, पत्रे सगळे सारखेच असतात."

ती पदर सारखा करून जीपमध्ये जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मोकळ्या जागेचा फोटो काढला. मधोमध ती उभी, मागं नुसतं आभाळ आणि पायाचे चार दगड. तेही काढायला लावले होते, पण तिच्यानं निघाले नाहीत. मोबाईलनं लोकेशन घेतलं. तोच ठिपका. मी बटण दाबलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मला ते सांगताना लाज वाटते. सहाही चाळींची प्रकरणं मिटली. वर वादळग्रस्त म्हणून सहाही जणांची नावं भरपाईच्या यादीत चढली, ती यादीही मीच भरली. ताडपत्रीखालच्या कांद्याला घाम आला, मग काजळी आली, मग वास फाट्यापर्यंत यायला लागला. तुळसाबाई रोज निवडून निवडून बरा कांदा वेगळा करायची आणि उरलेला घमेल्यानं उकिरड्यात टाकायची. शेवटी निवडायलाही काही उरलं नाही. तिनं गुलाबसिंगकडं सामान मागितलं तेव्हा तो म्हणाला, "ते आता पंचनाम्यात गेलं मावशे. सरकारी झालं. हात लावला तं माह्यावर केस."

तिच्या अर्जाचा निकाल आठवड्यातच आला होता. मी तो वाचला आणि स्क्रीनवरची खिडकी बंद केली. ती दर बाजाराच्या दिवशी यायची. मी कधी सांगायचो साईट बंद आहे, कधी नेटवर्क नाही, कधी साहेब रजेवर. ती म्हणायची, "बरं," आणि सेंटरपुढं नव्या सावलीत बसायची. कारण तोवर मी उस्मान मिस्त्रीकडून तो पत्रा पुढं लावून घेतला होता. लावून झाल्यावर मी वर बघितलं तर रंगाची बाजू खाली. हिरवा पंजा गिऱ्हाइकाच्या बरोबर डोक्यावर.

"मिस्त्री, उलटा लागला."

"नाई भाई," तो हत्यारं पिशवीत भरत म्हणाला, "बराबर लागला." त्यानं मजुरी घेतली नाही. त्यानंतर तो माझ्या सेंटरवर आलेला नाही.

पत्रा काढून फिरवायला मला दुसरा माणूस मिळाला असता. रंग फासायला तर पाच मिनिटं पुरली असती. मी रोज उद्यावर ढकलत राहिलो. म्हातारीची नजर कमी झालीय, ती वर कशाला बघेल, असं मनाला सांगत राहिलो.

गेल्या बाजाराला ती आली तेव्हा सावलीत बसली नाही. सरळ काउंटरशी आली.

"आज मले कागद दे. काय लिव्हलं ते छापून दे. मले वाशीमले दाखवाचं हाय."

कुणाला दाखवणार, असं विचारायचा धीर झाला नाही. मी प्रिंट काढली. ती म्हणाली, "वाच."

मी वाचलं. सदर ठिकाणी यापूर्वीच लाभ देण्यात आलेला असल्याने अर्ज नामंजूर.

"म्हंजे?"

"तुमच्या जागेवर आधीच अनुदान दिलंय म्हणते."

"कोनाले देल्लं?"

खाली नावं होती. मी एकेक वाचलं. गुलाबसिंग. फुलसिंग. रामसिंग. राजपाल. लिलाबाई. प्रत्येक नावाला ती उजव्या हाताचं एकेक बोट मिटत होती. अर्धं बोटही मिटलं. मूठ झाली. मी थांबलो.

"झाले?"

"पुढचं पुसट आलंय."

ती माझ्याकडं बघत राहिली. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. मग तिनं वर पाहिलं, पत्र्याकडं. अगदी सावकाश तिनं मिटलेली मूठ उघडली, पण हात वर नेला नाही, काउंटरवरच ठेवला.

"ज्या दिवशी लावला त्याच दिवशी दिसला मले," ती म्हणाली. "म्हटलं, पोरगं कामात हाय. आज नाई तं उद्या सोताच सांगीन."

पाठीमागं झेरॉक्सची मशीन कुणाचा तरी सातबारा बाहेर टाकत होती.

तिनं कागदाची चौपदरी घडी घातली आणि पोलक्यात ठेवली. "छपाईचे किती झाले?"

"वीस," सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं कमरेची गाठ सोडली, चुरगाळलेली नोट काउंटरवर सरळ करून ठेवली, आणि मी ती घेतली.